चार शब्दांचा खटला : टिंडेल, मोर आणि बायबलचे इंग्रजी भाषांतर

इ.स. १५३५ चा हिवाळा. ब्रसेल्सजवळच्या व्हिलव्होर्डच्या किल्ल्यात बंदी असलेला एक इंग्रज माणूस अधिकाऱ्याला लॅटिनमध्ये पत्र लिहितो. मागण्या अगदी साध्या आहेत. गारठ्याने डोके धरते, म्हणून जप्त झालेल्या सामानातली एखादी उबदार टोपी मिळावी. फाटलेल्या पायमोज्यांना ठिगळ लावण्यापुरते कापड मिळावे. अंधारात एकट्याने बसून राहणे जिवावर येते, तेव्हा संध्याकाळी एक दिवा मिळावा. आणि या सगळ्यांहून अधिक आर्जवाने तो तीन गोष्टी मागतो : हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश.

हा कैदी म्हणजे विल्यम टिंडेल. त्याच्या हातचे हे एकच पत्र आज उपलब्ध आहे. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १५३६ मध्ये, त्याला खांबाला बांधून गळा आवळून मारण्यात आले आणि मग देह जाळण्यात आला.

‘बायबलचे इंग्रजीत भाषांतर केले म्हणून टिंडेलला जाळले’ हे वाक्य अनेक पुस्तकांत आढळते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या आधी आणि त्याच्या काळीही युरोपातल्या अनेक लोकभाषांत बायबल उतरले होते; जर्मन भाषेत तर ल्यूथरच्या पूर्वीच ते अनेकदा छापून झाले होते. टिंडेलच्या विरोधकांचा रोष मुख्यतः त्याने निवडलेल्या मोजक्या शब्दांवर होता. त्यांतल्या चार शब्दांची ही हकीकत या धाग्यात आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. बायबलचा ‘नवा करार’ मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. पश्चिम युरोपने मात्र तो हजार वर्षांहून अधिक काळ लॅटिनमध्ये वाचला. इ.स. ३८२ च्या सुमारास पोप दामासस याच्या सांगण्यावरून जेरोम या विद्वानाने जुनी लॅटिन भाषांतरे तपासण्याचे काम हाती घेतले. त्यातून पुढे ‘व्हल्गेट’ या नावाने ओळखली जाणारी लॅटिन आवृत्ती आकारास आली. कायदा, प्रवचन, विद्यापीठातला वाद, सर्वत्र तिचाच शब्द प्रमाण. मूळ ग्रीक वाचू शकणारी माणसे पश्चिमेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

आता पहिला शब्द. येशूच्या उपदेशाचा प्रारंभच ज्या आज्ञेने होतो, तिच्यातले ग्रीक क्रियापद ‘मेतानोइया’ या नामाशी संबंधित आहे. ‘नूस’ म्हणजे मन, बुद्धी. ‘मेतानोइया’ म्हणजे मन पालटणे, आतून वळणे. लॅटिनमध्ये ही आज्ञा ‘पोएनितेन्तियाम आगिते’ अशी आली. या लॅटिन शब्दांचे दोन अर्थ होतात, आणि ते सांगायला मराठीइतकी सोयीची भाषा विरळा. एक अर्थ ‘पश्चात्ताप करा’. दुसरा अर्थ ‘प्रायश्चित्त घ्या’.

मराठी वाचकाला या दोहोंतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. पश्चात्ताप मनात होतो; त्याला पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही, खर्च लागत नाही. प्रायश्चित्त कुणीतरी सांगावे लागते, विधीपूर्वक करावे लागते, आणि ते पुरे झाले की नाही हे ठरवणारा अधिकारीही लागतो.

जेरोमच्या काळी हा लॅटिन शब्द तितकासा घातक नव्हता. दोन्ही अर्थ त्यात सुखाने नांदत होते. शब्द पुढेही तोच राहिला, भोवतालचे आचार मात्र बदलले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यावी असा नियम केला. कबुली, धर्मगुरूने उच्चारलेली क्षमा आणि त्याने सांगितलेले प्रायश्चित्त अशी एक व्यवस्था दृढ झाली. पुढे त्या प्रायश्चित्तात सूट देणारी पत्रे निघाली, आणि सोळाव्या शतकाच्या प्रारंभी रोममधल्या सेंट पीटर्सच्या बांधकामासाठी त्यांची उघड विक्री सुरू झाली. या साऱ्या व्यवस्थेला आधार कोणता, असे कुणी विचारले तर उत्तर तयार असे : प्रत्यक्ष येशूनेच ‘प्रायश्चित्त घ्या’ असे म्हटले आहे.

शंका प्रथम एका भाषापंडिताने घेतली. इटलीतल्या लोरेन्झो वाल्लाने पंधराव्या शतकात ग्रीक पाठ आणि लॅटिन भाषांतर शेजारी ठेवून तफावती टिपल्या. ती टिपणे हस्तलिखितात पडून होती. इरॅस्मसला ती लूव्हेनजवळच्या एका मठात सापडली आणि त्याने १५०५ मध्ये छापली. १५१६ मध्ये बाझेलहून इरॅस्मसने स्वतः संपादित केलेला ग्रीक नवा करार, शेजारी नवे लॅटिन भाषांतर आणि शेवटी विस्तृत टिपा असा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या टिपांत त्याने सांगितले की या ग्रीक शब्दाचा आशय ‘भानावर या, मन ठिकाणावर आणा’ असा आहे. धर्मगुरूने नेमून दिलेल्या कृत्यांशी त्याचा संबंध नाही. इरॅस्मसला बंड करायचे नव्हते. त्याने तो ग्रंथ खुद्द पोपला अर्पण केला होता.

पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, व्हिटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने पंच्याण्णव कलमे लिहिली. त्यांतली पहिली दोन कलमे या एकाच शब्दावर आहेत! ही आज्ञा माणसाच्या अवघ्या आयुष्याला उद्देशून आहे, धर्मगुरूच्या हातून होणाऱ्या विधीला उद्देशून नाही, असे ती म्हणतात. युरोप दुभंगणारा वाद व्याकरणाच्या एका मुद्द्यापासून सुरू होतो, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. अर्थात ल्यूथरही भाषांतरकार म्हणून निर्लेप नव्हता. १५२२ च्या त्याच्या जर्मन नव्या करारात, पौलाच्या रोमकरांस पत्रात ‘श्रद्धेने’ या शब्दाला त्याने ‘केवळ’ ही जोड दिली; मूळ ग्रीकमध्ये तो शब्द नाही. टीका झाली तेव्हा, जर्मन भाषेच्या वळणाला तो लागतोच, असा खुलासा त्याने केला. खुलासा भाषेचा होता, गरज सिद्धांताची होती.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथे जॉन विक्लिफच्या अनुयायांनी चौदाव्या शतकात व्हल्गेटवरून इंग्रजी बायबल केले होते आणि त्याचा धसका सत्तेने घेतला होता. १४०९ मध्ये आर्चबिशप अरुंडेलच्या नियमांनी धर्माधिकाऱ्यांच्या संमतीवाचून बायबलचे इंग्रजी भाषांतर करण्यास वा वाचण्यास बंदी घातली. १४२८ मध्ये तर विक्लिफची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. तो १३८४ मध्येच वारला होता.

टिंडेल ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, अनेक भाषा जाणणारा. १५२३ मध्ये तो लंडनचा बिशप कथबर्ट टन्स्टल याच्याकडे आश्रय मागायला गेला. निवड अविचाराची नव्हती. टन्स्टल स्वतः ग्रीक जाणणारा आणि इरॅस्मसचा मित्र होता. बिशपने नम्रपणे नकार दिला. १५२४ मध्ये टिंडेल जर्मनीला गेला तो पुन्हा मायदेशी परतला नाही. १५२५ मध्ये कोलोन येथे छपाई सुरू झाली. मद्याच्या नादात छापखान्यातल्या कामगारांच्या तोंडून ती बातमी कोक्लेयस या विरोधकाच्या कानी गेली आणि छापा पडण्याआधी टिंडेलला छापलेले कागद घेऊन ऱ्हाईन नदीच्या वाटेने पळावे लागले. १५२६ मध्ये व्होर्म्स येथे संपूर्ण नवा करार छापून झाला. खिशात मावेल असे छोटे पुस्तक. कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून ते इंग्लंडच्या बंदरांत उतरू लागले.

त्याच वर्षी टन्स्टलने लंडनमध्ये त्याच्या प्रती जाहीरपणे जाळल्या. व्होर्म्सच्या त्या छपाईच्या आज केवळ तीन प्रती शिल्लक आहेत. एडवर्ड हॉलच्या बखरीत एक गमतीदार प्रसंग आहे : जाळण्यासाठी प्रती हव्यात म्हणून टन्स्टलने अँटवर्पमध्ये एका व्यापाऱ्याकडून त्या विकत घेतल्या, आणि व्यापाऱ्याने ते पैसे गुपचूप टिंडेलला पोचवले. त्या पैशांतून सुधारित आवृत्तीची सोय झाली, असे हॉल मोठ्या चवीने सांगतो.

या पुस्तकात होते तरी काय? ‘मेतानोइया’साठी टिंडेलने ‘पश्चात्ताप’ या अर्थाचा इंग्रजी शब्द घेतला, ‘प्रायश्चित्त’ टाळला. ग्रीक ‘एक्लेसिया’ला तोवर ‘चर्च’ म्हणत. त्याने ‘काँग्रिगेशन’ म्हटले, म्हणजे जमलेली माणसे, मंडळी. ‘प्रेस्ब्युतेरोस’ या शब्दाला ‘प्रीस्ट’, म्हणजे पुरोहित, म्हणण्याऐवजी त्याने आधी ‘सीनियर’ आणि नंतर ‘एल्डर’ म्हटले, म्हणजे वडीलधारा. आणि ‘अगापे’साठी ‘चॅरिटी’ सोडून ‘लव्ह’ घेतले.

ग्रीक कोशाच्या आधारे पाहिले तर टिंडेलची बाजू भक्कम होती. ‘एक्लेसिया’ हा ख्रिस्ती शब्दच नव्हे. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचे ते नाव. नव्या करारातच, एफेससमधल्या दंगलीच्या प्रसंगी, चिडलेल्या मूर्तिपूजक जमावासाठी तो वापरला आहे. तसेच देवळात बळी अर्पण करणाऱ्या याजकाला ग्रीकमध्ये ‘हिएरेउस’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि ख्रिस्ती समुदायातल्या वडीलधाऱ्याला ‘प्रेस्ब्युतेरोस’. इंग्रजीत मात्र दोघांनाही ‘प्रीस्ट’च म्हणत. मुळात भिन्न असलेल्या दोन व्यक्ती भाषांतरात एकाच झग्यात शिरल्या होत्या.

आता या चारही बदलांचे परिणाम एकत्र पाहावेत. पापक्षालनाचा विधी गेला, त्याची जागा मनाच्या पालटाने घेतली. तो विधी करणारा पुरोहित गेला, त्याच्या जागी गावातला एक पोक्त माणूस आला. त्या पुरोहिताची संस्था गेली, उरली ती जमलेली माणसे. आणि ‘चॅरिटी’ या शब्दाला चिकटलेला दानधर्माचा, पर्यायाने देणगीचा, अर्थही गेला. चारच शब्द, पण मध्ययुगीन धर्मसत्तेचे चार खांब नेमके त्यांच्यावर उभे होते.

हे ज्याला सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट दिसले, तो टिंडेलचा शत्रू होता : ‘युटोपिया’चा लेखक, इरॅस्मसचा जिवलग मित्र आणि लवकरच इंग्लंडचा चॅन्सेलर होणारा थॉमस मोर. १५२९ मध्ये त्याने पाखंडमताविरुद्ध संवादरूपी ग्रंथ लिहिला. टिंडेलच्या पुस्तकात हजारांहून अधिक ठिकाणे चुकीची असल्याचे सांगून त्याने उदाहरणादाखल तीनच शब्द पुढे केले : ‘प्रीस्ट’, ‘चर्च’, ‘चॅरिटी’. मग त्यांच्या जोडीला ‘प्रायश्चित्त’ही घेतले.

मोरला आडमुठा समजून पुढे जाण्याचा मोह अनेक लेखकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण त्याचा युक्तिवाद कच्चा नाही. त्याचे म्हणणे असे : शब्दाचा अर्थ कोशात नसून वापरात असतो. ‘काँग्रिगेशन’ कुणाचीही असू शकते, तुर्कांचीसुद्धा. इंग्रजी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या ‘चर्च’ या शब्दाला जो अर्थ आला आहे, तो काढून व्युत्पत्तीचा कोरा शब्द ठेवणे हे भाषांतर नव्हे. शिवाय ‘प्रीस्ट’ हा इंग्रजी शब्द तर ‘प्रेस्ब्युतेरोस’ याच ग्रीक शब्दाचा झिजलेला वंशज आहे! मग मूळ शब्द कोण टाकतो आहे, मोर की टिंडेल? ‘सीनियर’ या शब्दाची मोरने जी टर उडवली ती तर टिंडेलने मुकाट्याने मान्य केली; तो शब्द इंग्रजी वळणाचा नाही हे कबूल करून त्याने १५३४ च्या आवृत्तीत ‘एल्डर’ घातला.

१५३१ मध्ये टिंडेलने उत्तर दिले, आणि त्यात एक नेमका बाण होता. तुमच्या लाडक्या इरॅस्मसनेही ‘एक्लेसिया’साठी काही ठिकाणी लॅटिनमध्ये ‘कोंग्रेगातियो’ लिहिले आहे. मग त्याला का नाही बोल लावत? मोरने यावर १५३२-३३ मध्ये सुमारे पाच लाख शब्दांचे खंडन लिहिले. मुद्द्यापुरते त्याचे उत्तर थोडक्यात येते : इरॅस्मसच्या मनात तो दुष्ट हेतू नव्हता, टिंडेलच्या मनात आहे. म्हणजे तोच शब्द एकाने लिहिला तर विद्वत्ता, दुसऱ्याने लिहिला तर पाखंड. वरवर हा पक्षपात वाटतो, पण मोरने येथे एक खरी गोष्ट उघड बोलून दाखवली. इरॅस्मसचा शब्द लॅटिनमध्ये होता. तो वाचणारे कोण, हे ठाऊक होते. टिंडेलचा शब्द नांगर धरणाऱ्या पोराच्या हाती पडणार होता.

यापुढचा भाग झरझर घडतो. राजा आठवा हेन्री रोमपासून फुटला आणि इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख म्हणवू लागला. मोरने त्या पदवीला संमती दिली नाही. ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. ‘चर्च’ या शब्दावर राजाची मालकी त्याला मान्य नव्हती. तोवर टिंडेलही पकडला गेला होता. मे १५३५ मध्ये अँटवर्पमध्ये हेन्री फिलिप्स नावाच्या इंग्रजाने मैत्रीचे नाटक करून त्याला सम्राटाच्या शिपायांच्या हवाली केले. त्याच्यावर खटला चालला तो सम्राट पाचव्या चार्ल्सच्या मुलखात, पाखंडाच्या आरोपाखाली. लूव्हेनचे धर्मपंडित त्याच्याशी वाद घालत होते तो इंग्रजी शब्दांवर नव्हे, तर श्रद्धेने तारण होते की कृत्यांनी या प्रश्नावर. टिंडेलच्या शब्दांची निवड आणि त्याची श्रद्धा यांत अंतर नव्हते, एवढेच यातून दिसते.

त्याच्या मृत्यूनंतर जेमतेम वर्षभरात, १५३७ मध्ये, राजाच्या परवानगीने एक इंग्रजी बायबल बाहेर पडले. त्यावर भाषांतरकार म्हणून टिंडेलचे नाव नव्हते. आतला मोठा भाग मात्र त्याचाच होता. १५३९ चे ‘ग्रेट बायबल’ इंग्लंडच्या प्रत्येक चर्चमध्ये ठेवण्यासाठी छापले गेले, आणि तेही मुख्यतः त्याच्याच मजकुरावर उभे होते. ते प्रसृत करणाऱ्या बिशपांत टन्स्टलचेही नाव पुढे झळकले, हा काळाचा विनोद.

पण चार शब्दांचे काय झाले? १६११ च्या सुप्रसिद्ध ‘किंग जेम्स’ बायबलसाठी भाषांतरकारांना जे नियम घालून दिले होते, त्यांतला तिसरा नियम सांगतो की जुने धर्मशब्द राखावेत, ‘चर्च’चे ‘काँग्रिगेशन’ करू नये. राजा आता स्वतःच चर्चचा प्रमुख होता. संस्थेचे नाव पुसणारा शब्द त्याला कसा परवडावा? अशा रीतीने ‘चर्च’ परतले. पौलाच्या प्रेमस्तुतीच्या अध्यायात ‘चॅरिटी’ परतली, ती १८८१ च्या सुधारित आवृत्तीपर्यंत टिकली. ‘एल्डर’ आणि ‘पश्चात्ताप’ मात्र टिंडेलचे राहिले. दोन शब्द मोरकडे, दोन टिंडेलकडे. आणि परागंदा इंग्रज कॅथलिकांनी १५८२ मध्ये रॅन्स येथे छापलेल्या नव्या करारात चारही शब्द मोरला रुचतील असेच आले : त्यात ‘प्रायश्चित्त’ होते, ‘प्रीस्ट’ही होता.

या वादाचे एक टोक मराठी मुलखातही पोचले आहे. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. राजाच्या चर्चपेक्षा रोमशी निष्ठा राखणाऱ्या इंग्रजांपैकी तो एक. त्याचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. गोव्याच्या कॅथलिक परंपरेत चर्चला ‘इगर्ज’ म्हणतात. हा पोर्तुगीज ‘इग्रेजा’. तो आला लॅटिन ‘एक्लेसिया’वरून, आणि लॅटिनने तो ग्रीकमधून जसाच्या तसा उचललेला. म्हणजे मूळ ग्रीक शब्दच, अर्थ न उलगडता, तीन भाषांतून प्रवास करीत मांडवीच्या काठी आला.

दुसऱ्या वाटेने प्रॉटेस्टंट मिशनरी आले. १८११ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरीच्या देखरेखीखाली मराठी नवा करार निघाला. १८२६ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत आपला छापला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम अंगावर घेतले आणि एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूच्या अगदी तोंडावर ते पुरे केले.

आज प्रचलित असलेले मराठी बायबल उघडून टिंडेलचे चार शब्द शोधावेत. ‘मेतानोइया’साठी तेथे ‘पश्चात्ताप’ आहे. ‘अगापे’साठी ‘प्रीती’. ‘प्रेस्ब्युतेरोस’साठी ‘वडील’, आणि देवळातल्या पुरोहितासाठी वेगळा ‘याजक’. ‘एक्लेसिया’साठी आहे ‘मंडळी’. किंग जेम्सच्या इंग्रजीत जे दोन शब्द टिंडेलला मिळाले नाहीत, तेही मराठीत त्याच्या बाजूने आहेत.

मोरचा आक्षेपही मराठीत अगदी चपखल बसला असता. कीर्तनाला जमते ती मंडळी, लग्नाला येते ती मंडळी, आणि १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केली तीही किर्लोस्कर नाटक मंडळीच.